आनंदाचा माफक दावा



आनंदी राहावं हे सांगायला व्याख्यानाची गरज नाही. ते सांगणारे संदेश आपण डोळे उघडायच्या आत गुलाबाच्या फुलांसकट मोबाइलवर येऊन पडलेले असतात. आजचा प्रश्न जरा अडचणीचा आहे. आनंद, कुतूहल, कृतज्ञता, समाधान, माया, एखाद्या गोष्टीची वाटलेली गंमत, या सगळ्या भावना सुखद असतात हे खरंच. पण सुखद वाटण्यापलीकडे त्यांच्या हातून काही काम होतं का? मानसशास्त्राने हा प्रश्न बराच काळ नीट विचारलाच नव्हता. विचारल्यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी उत्तरं मिळाली, त्यांतली काही टिकली, काही कोसळली. माझं म्हणणं असं, की सुखद भावनांच्या फायद्याचा लहान दावा पुराव्यावर उभा राहतो, मोठा राहत नाही; आणि आपल्या कामाचा आहे तो लहानच. पुस्तकांच्या दुकानांत आणि कंपन्यांच्या कार्यशाळांत मात्र मोठाच विकला जातो, म्हणून दोन्ही वेगळे करून पाहावे लागतात.

प्रश्न इतका उशिरा का विचारला गेला, हे समजण्यासारखं आहे. भीती वाटली की माणूस पळतो, राग आला की अंगावर धावून जातो, किळस आली की तोंडातलं थुंकून टाकतो. या भावनांचं काम उघड दिसतं. आनंद झाल्यावर माणूस नेमकं काय करतो? कोणी नाचतो, कोणी नुसता बसून राहतो, कोणी शेजाऱ्याला चहाला हाक मारतो. ठरावीक कृती नाही, तेव्हा उपयोगही नसावा, असं गृहीत धरलं गेलं. शिवाय मानसशास्त्राकडे पैसा आणि माणसं आली ती आजार बरे करण्यासाठी. चिंतेची, नैराश्याची तक्रार घेऊन लोक दारात येतात. समाधानाची तक्रार घेऊन कोणी येत नाही. पॉल एकमन यांची मूलभूत भावनांची प्रसिद्ध यादी पाहा: राग, भीती, किळस, दुःख, आश्चर्य आणि आनंद. निखळ सुखद म्हणावी अशी सहांत एक. उलट भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायी भावांपैकी रती, हास, उत्साह आणि विस्मय हे चार या बाजूला बसतात. आधुनिक मानसशास्त्र आमच्याकडे आधीच सांगून ठेवलं होतं, असा दावा मला अजिबात करायचा नाही. नाट्यशास्त्राला नाटक उभं करायचं होतं, आणि प्रेक्षकाला खिळवून ठेवायचं तर नुसत्या भयाने आणि शोकाने भागत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत हा समतोल सिद्धांत म्हणून मांडला जायला १९९८ साल उजाडलं.

त्या वर्षी बार्बरा फ्रेडरिक्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक लेख प्रसिद्ध केला. सुखद भावना कामाच्या तरी कशा, हाच त्याच्या शीर्षकातला सवाल होता. त्यांचं उत्तर थोडक्यात असं. भीती आणि राग लक्ष आवळून एका बिंदूवर आणतात. संकटात तेच हवं असतं. सुखद भावना उलट लक्ष सैल करतात, नजर रुंद करतात, त्या क्षणी माणसाला अधिक गोष्टी सुचतात आणि अधिक माणसं आपली वाटतात. अशा क्षणांत माणूस खेळतो, गप्पा मारतो, नसत्या उचापती करतो, आणि त्यांतून पुढे कामाला येणारं काहीतरी गाठीला बांधतो: एखादं कौशल्य, एखादी ओळख, थोडा धीर. भावना काही मिनिटांत विरून जाते, गाठीला बांधलेलं उरतं. मांजराचं पिल्लू लोकरीच्या गुंड्याशी खेळतं तेव्हा त्याच्या पोटात काही जात नाही, पण पंजे तयार होतात. आनंदाचा उपयोग त्या क्षणात शोधणाऱ्यांना तो सापडला नाही, कारण तो नंतर दिसतो.

मांडणी सुबक आहे, आणि सुबक मांडणीवर आधी संशय घ्यावा. तेव्हा पुराव्याकडे वळू. फ्रेडरिक्सन आणि क्रिस्टीन ब्रॅनिगन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. कोणाला पेंग्विनांच्या गमती, कोणाला शांत निसर्ग, कोणाला भीती किंवा चीड आणणारी दृश्यं, कोणाला काहीच न वाटणारी. मग प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. ‘आत्ता मला अमुक करावंसं वाटतंय’ अशी वाक्यं पुरी करायला त्यावर वीस मोकळ्या ओळी होत्या. सुखद फिती पाहिलेल्यांनी जास्त ओळी भरल्या, भीती आणि रागाच्या फिती पाहिलेल्यांनी कमी. ॲलिस आयसन यांचे प्रयोग याच्या आधीचे. त्यांतला सर्वांत मनोरंजक १९९७ साली छापून आला. ४४ डॉक्टरांना एका रुग्णाची कागदोपत्री हकिगत देऊन मोठ्याने विचार करत निदान करायला सांगितलं होतं. काहींच्या हातात आधी गोळ्या-चॉकलेटची छोटी पुडी ठेवली, बाकीच्यांच्या नाही. पुडी मिळालेल्या डॉक्टरांना यकृताचा विकार असावा ही शंका लवकर आली, आणि पहिल्या सुचलेल्या निदानाला ते कमी चिकटून राहिले. निदान बरोबर आणलं म्हणून कौतुक करावं असं यात फारसं नाही. पहिल्या कल्पनेपासून मन सहज सुटलं, एवढंच महत्त्वाचं. डॉक्टरकीत ज्या चुका होतात त्यांतल्या कितीतरी पहिल्या कल्पनेला चिकटून राहण्याच्या असतात.

पण आयसन यांचाच १९७२ सालचा एक प्रयोग आहे, आणि तोही सांगायला हवा. सार्वजनिक टेलिफोनच्या पेटीत अवचित एक नाणं सापडलं की बाहेर कोणाचे कागद सांडले असता माणूस ते उचलायला धावतो, न सापडलेला धावत नाही. फरक इतका प्रचंड निघाला की तो पाठ्यपुस्तकांत गेला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा फरक सापडला नाही. असंच आणखी एका प्रसिद्ध कल्पनेचं झालं. फ्रेडरिक्सन यांनी २००० साली दाखवलं होतं की ताणानंतर सुखद भावना आली की शरीर लवकर पूर्ववत होतं. ताण आणण्यासाठी त्यांनी जे केलं ते या व्यासपीठावरून सांगताना मौज वाटते: विद्यार्थ्यांना सांगितलं, एका मिनिटात भाषणाची तयारी करा, ते कॅमेऱ्यावर घेतलं जाईल. नाडी आणि रक्तदाब वर गेल्यावर भाषण रद्द करून एखादी चित्रफीत दाखवली. फुलाशी खेळणारं कुत्र्याचं पिल्लू किंवा समुद्राच्या लाटा पाहिलेल्यांचं हृदय लवकर जाग्यावर आलं, रडवणारी फीत पाहिलेल्यांचं सर्वांत उशिरा. अलीकडे अशा १६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा बहुतेक मोजमापांत सुखद फीत आणि कोरी फीत यांच्यात फरक राहिला नाही. हृदयाशी संबंधित अनेक मापं एकत्र धरली तरच तो दिसला. म्हणजे काहीतरी आहे, पण पहिल्यांदा ऐकताना वाटलं होतं तितकं नाही. या विषयात हे वारंवार घडतं. पहिला निकाल टाळ्या घेतो आणि दहावा निकाल त्याला वळण लावतो.

प्रयोगशाळेतली चित्रफीत संपली की संपली. गाठीला काही बांधलं जातं का, हे तपासायला दिवस लागतात. त्याचा एक प्रयत्न २००८ साली झाला. एका संगणक कंपनीतल्या १३९ नोकरदारांपैकी निम्म्यांना सात आठवडे मैत्रीभावनेचं ध्यान शिकवलं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराच्या अखेरीस जी मंगल मैत्री करवून घेतात, तिच्याच कुळातला हा प्रकार: आधी स्वतःचं, मग जवळच्यांचं, मग ओळखपाळख नसलेल्यांचं भलं चिंतायचं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहीच फायदा दिसला नाही. नंतर रोजच्या सुखद भावना हळूहळू वाढल्या, आणि त्या ज्यांच्या वाढल्या त्यांना सात आठवड्यांअखेर लोकांचा आधार अधिक जाणवू लागला, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी झाल्या. आक्षेप घेणारा म्हणेल, हे सगळं त्यांनीच स्वतःबद्दल भरून दिलेलं, आणि दुसरा गट नुसता वाट पाहत बसलेला. आक्षेप बरोबर आहे. सात आठवडे एकत्र जमून काहीही केलं असतं, भजनी मंडळ काढलं असतं, तरी कदाचित एवढाच फरक पडला असता. मला मात्र हा आक्षेप सिद्धांताला मारक वाटत नाही. भजनी मंडळाने फरक पडला असता तो कशामुळे, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतोच.

इथे मुंबईचं एक उदाहरण उपयोगी पडतं. १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा विनोद टाकून दिले आणि नुसतं हसायला सुरुवात केली. ओळीने उभं राहून, हात वर करून हो-हो-हा-हा करणाऱ्या मंडळींची चेष्टा पुढे पुष्कळ झाली, आणि करण्यासारखी ती आहेच. पण चेष्टेत एक गोष्ट निसटते. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यात, विद्यापीठाच्या आवारात माणसं कधी हसतात ते नोंदवलं. हसण्याआधी बोलली गेलेली बहुतेक वाक्यं विनोदी नव्हतीच. ‘बरं, भेटू मग’ असली साधीसुधी वाक्यं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट सोबतीत हसतो. म्हणजे हास्यक्लबातलं खरं औषध, असलंच तर, फुप्फुसांच्या व्यायामात कमी आणि रोज सकाळी तीच वीस माणसं भेटण्यात जास्त असणार. निवृत्तीनंतर ज्याला दिवसभरात नाव घेऊन हाक मारणारं कोणी उरलेलं नसतं, असा माणूस एखाद्या सकाळी बागेत दिसला नाही तर दुपारी त्याच्या घरी फोन येतो. सुखद भावनेचं काम पाहायचं असेल तर ते असं, दोन माणसांच्या मधल्या जागेत पाहावं लागतं.

आता मोठा दावा: आनंदी माणसं जास्त जगतात. याचा सर्वांत देखणा पुरावा अमेरिकेतल्या एका कॅथलिक संघातल्या ननांचा. १९३० च्या सुमारास, व्रत घेताना, प्रत्येकीला आपल्या आयुष्याची हकिगत एका पानात लिहायला सांगितली होती. तेव्हा त्यांचं वय साधारण बावीस. हे कागद संघाच्या दप्तरात पडून राहिले. पुढे डेव्हिड स्नोडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८० जणींची पानं काढून त्यांतल्या सुखद भावनांची वाक्यं मोजली, आणि २००१ साली निष्कर्ष छापला: सर्वांत कमी सुखद लिहिणाऱ्या चौथाईत मृत्यूचा धोका सर्वांत जास्त लिहिणाऱ्या चौथाईच्या अडीचपट होता. ननांचं उदाहरण मोलाचं अशासाठी, की त्यांचं जेवण, घर, काम, औषधपाणी जवळपास सारखं. दारू-तंबाखू नाही, नवरा-सासर नाही, पगारात फरक नाही. सामान्य माणसांच्या अभ्यासात जे शंभर गुंते असतात ते इथे आपोआप सुटलेले. तरीही एक गुंता राहतोच. बाविसाव्या वर्षी हसतमुख लिहिणारी मुलगी तेव्हाच अधिक निरोगी असू शकते. आनंद हे कारण, की निरोगीपणाची खूण, हे एका पानावरून ठरत नाही.

शेल्डन कोहेन यांनी तो गुंता दुसऱ्या टोकाने सोडवायचा प्रयत्न केला. ३३४ निरोगी स्वयंसेवकांची रोजची मनःस्थिती आधी कित्येक संध्याकाळी फोन करून विचारून घेतली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवून पाहत राहिले. सर्दी झाली हे त्यांच्या सांगण्यावर सोडलं नाही. शिंकरलेले कागदी रुमाल गोळा करून त्यांचं वजन केलं. संशोधकांच्या आयुष्यात असेही दिवस येतात. सुखद भावना जास्त अनुभवणाऱ्यांना खरोखर कमी प्रमाणात सर्दी झाली, आणि आधीची प्रतिकारशक्ती, वय, वजन यांचा हिशेब धरूनही फरक उरला. दुःखी, चिडचिड्या माणसांबद्दलचा निष्कर्ष मात्र अनपेक्षित होता. त्यांना सर्दी जास्त झाली नाही, पण जेवढी झाली त्याहून जास्त लक्षणं त्यांनी सांगितली. सुखद भावना म्हणजे दुःखद भावनांचा अभाव, ही आपली नेहमीची समजूत इथे तुटते. दोन्हींची कामं वेगळी आहेत, एक वाढली म्हणून दुसरी कमी होतेच असं नाही.

हे ऐकून उत्साह वाढला असेल तर त्यावर ब्रिटनचा एक अभ्यास थंड पाणी ओततो. सुमारे सात लाख वीस हजार मध्यमवयीन स्त्रियांना विचारलं, तुम्ही किती वेळा आनंदी असता? मग दहा वर्षं कोण गेलं, कोण राहिलं ते पाहिलं. वरवर पाहता दुःखी स्त्रिया जास्त मेल्या. पण ज्या आधीच आजारी होत्या त्यांचा आजार हिशेबात धरल्यावर फरक जवळजवळ नाहीसा झाला. निष्कर्ष असा की आजार माणसाला दुःखी करतो. दुःख स्वतः माणसाला मारत नाही. रिचर्ड पेटो यांच्यासारखे संख्याशास्त्रातले दिग्गज यामागे होते, आणि २०१५ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये तो आला तेव्हा आनंदाच्या व्यापाऱ्यांची पंचाईत झाली. त्यावर उत्तर आहे: एका प्रश्नाने आयुष्यभराची भावस्थिती मोजता येत नाही, आणि ‘माझी तब्येत कशी आहे’ हे ज्याचं त्याला विचारून हिशेबात धरलं तर त्या उत्तरातच मनःस्थिती मिसळलेली असते; ती वजा करताना आपण शोधत असलेली गोष्टच वजा होते. हे उत्तर मला वजनदार वाटतं, निर्णायक वाटत नाही. आनंदाने आयुष्य वाढतं असं आज छातीठोकपणे कोणी म्हणू नये, एवढंच या वादातून हाती लागतं. ते हाती लागणंही थोडं नाही. कारण याची दुसरी बाजू अशी, की कर्करोगाने खंगत चाललेल्या बाईला ‘मन प्रसन्न ठेवा, म्हणजे बऱ्या व्हाल’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाला आपण आता गप्प करू शकतो. तिच्या आजाराचा दोष तिच्या उदासपणावर टाकायला पुरावा नाही.

मोठ्या दाव्याचा सर्वांत मोठा अपघात गणितात झाला. २००५ साली फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांनी जाहीर केलं की सुखद आणि दुःखद भावनांचं प्रमाण २.९०१३ ला एक याच्या वर गेलं की माणूस बहरतो, खाली राहिलं तर कोमेजतो. दशांशचिन्हानंतर चार आकडे! हवामानशास्त्रातली समीकरणं वापरून हा आकडा काढला होता. शेकडो लेखांनी तो उचलला, व्यवस्थापनाच्या वर्गांत तो फळ्यावर चढला. निक ब्राउन नावाच्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका विद्यार्थ्याला वर्गात हे ऐकताना शंका आली. त्याने ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाला आणि हॅरिस फ्रीडमन या मानसशास्त्रज्ञाला सोबत घेतलं, आणि २०१३ साली त्या गणितात काहीच अर्थ नाही हे दाखवून दिलं. गणिताचा भाग मागे घेतला गेला. या प्रकरणावरून संपूर्ण विषयच थोतांड ठरवणारे आहेत. मला उलट वाटतं. तीन सुखद भावनांमागे एक दुःखद असा भाव बाजारात लावण्याची घाई झाली होती, ती थांबली. नजर रुंद होते, माणसं जवळ येतात, हे साधे निष्कर्ष त्या समीकरणांवर उभे नव्हतेच.

मग लहान दावा नेमका कुठे उभा आहे? माझ्या मते तो सर्वांत भक्कम उभा आहे दुःखाच्या मधोमध. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुसान फोकमन यांनी एड्सने आजारी असलेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांचा दीर्घ अभ्यास केला. प्रभावी औषधं अजून आली नव्हती. आजारी माणूस जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि काही वेळा शुश्रूषा करणारा स्वतःही बाधित होता. मुलाखतींत अर्थातच ताणाबद्दल विचारलं जात होतं: काय त्रास झाला, कसा निभावला. सुरुवातीलाच सहभागींनी तक्रार केली, की तुम्ही आम्हाला फक्त त्रासाचंच विचारता. आमच्या दिवसात चांगलंही काही असतं, ते विचारा. संशोधकांनी प्रश्न वाढवला. त्यानंतर जवळपास प्रत्येक मुलाखतीत काहीतरी सांगितलं गेलं. मोठं काही नाही: त्याच्या आवडीचं जेवण केलं आणि त्याने ते खाल्लं, जुना मित्र येऊन गेला, कोणी दोन चांगले शब्द बोललं. ही माणसं नैराश्याच्या मापावर सामान्यांहून खूप वर होती, आणि तरीही जोडीदाराच्या मृत्यूच्या आसपासचे दिवस सोडले तर सुखद भावनाही त्यांना जवळपास दुःखद भावनांइतक्याच वेळा येत होत्या. दोन्ही एकाच घरात, कधी एकाच तासात.

सुतकाच्या घरात बसलेल्या कोणालाही हे नवं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी नातेवाईक जमलेले असतात, कोणीतरी गेलेल्या माणसाच्या विक्षिप्तपणाचा एखादा किस्सा काढतं, आणि बैठक खळखळून हसते. मग कोणाला तरी आपण हसलो याची लाज वाटते. लाजेचं कारण नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी जोडीदार गमावून सहा महिने झालेल्या माणसांच्या मुलाखती पाहिल्या. गेलेल्याबद्दल बोलता बोलता ज्यांना डोळ्यांपर्यंत पोचलेलं खरं हसू आलं, त्यांचा मानसिक त्रास कमी होता आणि इतरांशी संबंध बरे होते. इथेही कारण कोणतं आणि परिणाम कोणता हा प्रश्न आहे. सावरलेला माणूसच हसू शकतो असंही म्हणता येईल. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरचा एक अभ्यास थोडा पुढे नेतो. काही विद्यार्थ्यांच्या चिवटपणाची नोंद हल्ल्याच्या आधीच, योगायोगाने, झालेली होती. हल्ल्यानंतर चिवट विद्यार्थीही इतरांसारखेच हादरले, रडले, चिडले. फरक एवढाच की त्या हादऱ्याच्या जोडीला त्यांना कृतज्ञता, आपल्या माणसांबद्दलची माया, जगाबद्दलचं कुतूहलही वाटत होतं, आणि नैराश्यापासून त्यांना वाचवलं ते या जोडीने. दुःख कमी करून नव्हे, दुःखाला सोबत देऊन सुखद भावना काम करतात असा याचा अर्थ मी लावतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप राजकीय आहे. पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला प्रसन्न राहायला सांगणं हा जुना धंदा आहे. बार्बरा एरेनराइक यांनी २००९ साली अमेरिकेतल्या सकारात्मकतेच्या उद्योगावर पुस्तकभर कोरडे ओढले: नोकरी गेली तरी हसा, आजारी पडलात तरी हसा, आणि हसू आलं नाही तर चूक तुमची. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि लहान दावा त्याच्याशी भांडतच नाही. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत, फुटपाथवर आणि वेश्यावस्तीत रॉबर्ट बिस्वास-डिनर आणि एड डिनर यांनी ८३ जणांना विचारलं तेव्हा आयुष्याबद्दलचं त्यांचं एकूण समाधान मध्यापेक्षा किंचित खालीच भरलं, शहरातल्या सुस्थितीतल्या लोकांच्या मानाने कमी. कुटुंबाबद्दल, मैत्रीबद्दल मात्र त्यांनी समाधान सांगितलं. यावरून ‘गरीब सुखी असतात’ असं म्हणणारा एक तर आकडे वाचत नाही, नाही तर त्याला ते वाचायचे नसतात. गरिबीने त्यांचं पुष्कळ काही नेलं होतं. माणसामाणसांतलं सगळं नेता आलं नव्हतं, एवढंच तिथे दिसतं.

दुसरा आक्षेप रागाच्या बाजूने येतो: समाधानी माणूस लढत नाही, समाज बदलतो तो चिडलेल्या माणसांमुळे. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे पाणी प्यायलं गेलं ते प्रसन्न चित्ताच्या व्यायामातून नव्हतं, हे उघड आहे. पण चळवळींचा इतिहास जवळून पाहिला तर राग आणि आनंद एकाच मांडवात बसलेले दिसतात. सत्यशोधक जलशांनी भटजी-सावकाराची टर उडवून गावंच्या गावं हसवली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांत ढोलकी होती, फार्स होता, टाळ्या होत्या. रात्रभर हसून, गाऊन माणसं पहाटे घरी जात ती थंड होऊन नव्हे. राग माणसाला उठवतो, पण पाच-दहा वर्षं रोज सभेला यायला रागाच्या जोडीला सोबतीची गोडी लागते. लक्ष आवळणारी भावना आणि लक्ष रुंद करणारी भावना दोन्ही लागतात. कोणती किती, याचा चार दशांश स्थळांचा आकडा मात्र कोणाकडे नाही.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो व्यवहारी आहे. हे सगळं खरं धरलं तर सुखद भावना वाढवायच्या कशा? इथे आयरिस मॉस यांचा २०११ सालचा प्रयोग वाट अडवतो. काही स्त्रियांना आनंदाचं महत्त्व सांगणारा वर्तमानपत्री लेख वाचायला दिला, मग आनंददायक चित्रफीत दाखवली. लेख वाचलेल्यांना फीत पाहून कमी आनंद झाला. अपेक्षा वाढली होती, आणि मन सारखं आपलंच माप घेत होतं. (आजच्या व्याख्यानाचाही असा परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही.) आनंदावर थेट चालून गेलं की तो मागे सरतो. त्याच्या येण्याला जागा आणि वेळ ठेवता येतो, फर्मान काढता येत नाही. सरकारांना मात्र फर्मानाची सवय. मध्य प्रदेशने २०१६ साली आनंद विभागच काढला. विभाग म्हटला की उद्दिष्टं आली, अहवाल आले, आणि अहवालात आनंद वाढलेलाच असणार. त्यापेक्षा कामाच्या पाळ्या बारा तासांच्या नसाव्यात, संध्याकाळी बसायला बाग असावी, गावातलं वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं असावं, रुग्णालयात शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला टेकायला बाकडं आणि बोलायला कोणीतरी असावं, याकडे पाहिलेलं बरं. यांतल्या एकाही गोष्टीवर आनंद हा शब्द लिहावा लागत नाही, आणि हास्यक्लबाच्या सकाळी जे घडतं ते घडायला यांत जागा आहे. दिल्ली सरकारने २०१८ साली आपल्या आठवीपर्यंतच्या शाळांत रोज एक तासिका आनंदाच्या अभ्यासक्रमाला दिली, तेव्हा त्यावर टीका आणि थट्टा दोन्ही झाल्या. त्यातल्या गोष्टी आणि ध्यान किती उपयोगी पडतात यावर वाद होऊ शकतो. पण त्या तासिकेला परीक्षा नव्हती आणि गुणही नव्हते. त्या अभ्यासक्रमातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट ती होती, आणि पुढच्या एखाद्या सुधारणेत सर्वांत आधी काढून टाकली जाण्याची भीतीही तिलाच होती.